तारेवरच्या शेवया

वणीहून राजूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एखादी बाई पळताना दिसली, की तिच्यावर काहीतरी आभाळ कोसळलं असणार असं आमच्याकडे लोकांनी ठरवून टाकलेलं आहे. कुणीतरी दवाखान्यात असेल, बस चुकली असेल, नाहीतर नवऱ्याशी भांडून माहेरची वाट धरली असेल. चाळिशी उलटल्यावर मी पळायला लागले, तेव्हा पहिल्या उन्हाळ्यात रोज एक तरी मोटरसायकल माझ्या शेजारी येऊन हळू व्हायची.

"बसा मॅडम. कुठी सोडू?"

"नको, मी पळतेय."

"थे तं दिसूनच राह्यलं. पण कायले?"

या 'कायले'पुढे मी हात टेकले. तब्येतीसाठी म्हटलं, तर गाडी बंद करून "काय झालं तब्येतीले?" अशी चौकशी. आवड म्हणून म्हटलं, तर माझ्याकडे बघायचे आणि मग मागे बसलेल्या माणसाकडे बघायचे. बाजारात माल नेणाऱ्या भाजीच्या ऑटोवाल्या काकांनी तर कमाल केली. मी बसत नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याच वेगाने शेजारून ऑटो चालवायला सुरुवात केली, फाट्यापर्यंत. वांग्यांच्या पोत्यावर जागा आहे, पैसे घेणार नाही, ऊन व्हायच्या आत घरी टाकून देतो, असा एकसारखा आग्रह चाललेला. शेवटी मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले आणि त्यांना झापलं. मला कुठेही पोचायचं नाही, मला नुसतं पळायचं आहे, पुन्हा मला बसवायचं नाव काढलंत तर याद राखा, असं बरंच काही बोलले. काकांनी मान खाली घातली आणि ऑटो पुढे काढला.

बाजारात पोचलेली गोष्ट वणीत लपत नाही. त्यानंतर थांबणं बंद झालं. गाड्या शेजारून जाताना लोक हात हलवून म्हणू लागले, "चालू द्या मॅडम!" मला वाटलं, चला, एक लढाई जिंकली. कोळशाच्या ट्रकांची काळी पूड घामावर बसून मी घरी येईपर्यंत दोन रंगांची होत असे, पण मनातून खूश असे.

घरात मात्र लढाई चालूच होती. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांना शिकवते. आमचे हे शेती बघतात. मुलगी नागपूरला शिकायला आहे. आणि सासूबाई, म्हणजे आई, घर बघतात, आणि घर बघता बघता मला बघतात. त्यांच्या मते मी आयुष्यात एकही काम पूर्ण केलेलं नाही. हे खोटं आहे, पण पुरावा त्यांच्या बाजूने आहे. कपाटात अर्धा विणलेला स्वेटर आहे, तोही वणीसारख्या गावात, जिथे दिवाळीनंतर महिनाभर थंडी पडली तरी लोक कौतुक करतात. माळ्यावर दुरुस्तीला घेतलेली भिंतीवरची दोन घड्याळं उघडी पडली आहेत. आयटीआयतल्या एका बंजारा सहकारी बाईंकडून गोरबोली शिकायला घेतली, ती समोरच्याचं नाव विचारण्यापलीकडे गेली नाही. आणि अंगणात मशरूमची शेड आहे.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," आई म्हणतात. हे वाक्य मी लग्न झाल्यापासून इतक्यांदा ऐकलंय की आता त्यांनी 'एक ना' म्हटलं की पुढचं मीच पूर्ण करते.

शेडबद्दल जरा सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथून सुरू झालं. आमच्या शेतात सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, पडून असतं. त्याच्यावर मशरूम येतात असं एका प्रशिक्षणात कळलं. मग त्यासाठी शेड हवी, शेडला भिंती हव्यात. शेतातून आणून ठेवलेल्या तुराट्या, म्हणजे तूर काढल्यावर उरलेल्या लांब सरळ काड्या, घरामागे रचलेल्या होत्या. मी त्या सगळ्या बांधून भिंती उभ्या केल्या. मशरूम आले, चांगले आले. आईंनी एकदा वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "कुत्र्याची छत्री हाय वो ही. माह्या घरात शिजणार नाही." शिजली नाही. पुढे ऊन वाढलं, मशरूम बंद पडले, आणि शेड तशीच उभी राहिली, आत काहीही नसलेली.

आता रेडिओ. माझ्या सगळ्या चिंध्यांमध्ये ही एक पैठणी आहे असं मी मानते. हौशी रेडिओचा, म्हणजे घरच्या सेटवरून हवेत बोलायचा, परवाना मी परीक्षा देऊन काढला. चौकशीला आलेल्या पोलिसाने गच्चीवरची तार बघून विचारलं होतं, "यानं पाकिस्तान लागते काय मॅडम?" लागतं, पण मला तिकडे बोलण्यासारखं काही नाही, असं म्हटलं तर त्याने लिहून घेतलं. गच्चीवर जिन्याच्या खोलीत माझं टेबल, आणि बाहेर या टोकापासून त्या टोकापर्यंत प्लास्टिकचं आवरण असलेली तांब्याची तार. तिचं एक टोक पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडवर उंच, दुसरं कठड्याला बांधलेल्या बांबूवर. मधल्या भागात तार खाली झुकते, इतकी की हात वर केला तर लागते. ही तार म्हणजे माझा एरिअल. तिची लांबी बरोबर असेल तरच सेटमधून निघालेली शक्ती हवेत जाते; चुकली तर तशीच परत येते. किती परत येतेय हे मीटरची सुई दाखवते. बस, एवढंच शास्त्र आहे. आईंना मी ते दहा वेळा सांगितलं होतं. त्यांना एवढंच दिसायचं की गच्चीवर एक चांगली दणकट तार आहे आणि तिच्यावर कुणी लुगडंसुद्धा वाळत घालायचं नाही.

या तारेवर दर रविवारी सकाळी मला रत्नागिरीकडचे एक गृहस्थ भेटत. आयुष्यभर जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. निवृत्त होऊन समुद्रकाठी घर बांधून राहिले, अंगणात उंच मनोरा उभा केला. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. मोर्स, म्हणजे टिंब आणि रेघांची ती जुनी भाषा, मला त्यांनी शिकवली. माझा हात जड होता, मी अडखळायचे, रेघा ओढायचे. ते पुन्हा पुन्हा, न कंटाळता तेच अक्षर पाठवत राहायचे. मी त्यांना काका म्हणते. आमच्या या छंदात बाई कितीही वयाची असली तरी तिला 'यंग लेडी' म्हणायची रीत आहे. हे मी एकदा हौसेने आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग सोड नको बाप्पा थो छंद."

काकांची एक अट होती. "दुकानातून आणलेल्या सेटवरून कुणीही बोलेल. स्वतःच्या हातानं केलेल्या सेटवरून मला हाक मार. त्या दिवशी पास झालीस असं म्हणेन." मी हो म्हटलं आणि सेट करायला घेतला. मग पळणं सुरू झालं, मग घड्याळं आली, मग मशरूम. सेट टेबलावर पोट उघडून पडून राहिला. काका दर दोन-तीन रविवारी विचारत, मी म्हणे, होतोय.

उन्हाळा लागला तसं एका रविवारी काकांनी कळवलं की घर विकलं. मुलीकडे जायचं, मोठ्या शहरात, उंच इमारतीत. तिथे मनोरा नाही, तारही नाही. शिवाय एक कान कधीच गेला आहे, दुसरा जायच्या वाटेवर आहे. बोलणं नीट कळत नाही, मोर्सचा सूर तेवढा अजून ऐकू येतो. मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी नऊ वाजता मनोरा उतरवायला माणसं येणार. "आठला मी शेवटचा बसेन," त्यांनी पाठवलं. "तुझा सेट झाला असेल तर ये."

झाला असेल तर! मला इतकं वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला, की त्या दिवशी मी कुणाशी धड बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या चिंध्या गुंडाळून ठेवल्या. दुकानातल्या सेटचा पॉवर सप्लाय उपसून माझ्या सेटला जोडला, म्हणजे मागे फिरायची सोयच नको. काकांच्या त्या शेवटच्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी सेट बोलू लागला. त्याचा सूर जरा हलायचा, पाण्यात दगड टाकल्यावर प्रतिबिंब हलतं तसा, पण तो माझा होता. आता फक्त शनिवारी दुपारी त्याच्याशी तार जुळवून घ्यायची बाकी होती.

शनिवारी आयटीआयतून घरी आले, गच्चीवर गेले, तर माझ्या एरिअलवर या टोकापासून त्या टोकापर्यंत शेवया.

ओल्या, पांढऱ्या, लांबच लांब. खाली मशीन, परात, गल्लीतल्या चार बायका, आणि मध्ये आई, मशीनचा दांडा फिरवत. आमच्याकडे शेवया दोन बाजांवर आडव्या टाकलेल्या तुराट्यांवर वाळवतात. तुराट्या कुठे होत्या ते वर सांगितलंच आहे.

"आई! माझी तार!"

"धुतली नं म्या," आई म्हणाल्या. "ओल्या फडक्यानं पुसून घेतली, लखलख. रिकामीच तं होती. तुराट्या तुह्या छत्रीनं खाल्ल्या, मंग शेवया मी कुठी टाकू, तुह्या डोक्यावर?"

मी जे बोलायचं नव्हतं ते बोलले. माझ्या एका गोष्टीला या घरात किंमत नाही, उद्या माझ्या आयुष्यातलं महत्त्वाचं काम आहे, माझ्या तारेला यापुढे कुणी हात लावायचा नाही, असं चार बायकांसमोर. आईंनी मशीन थांबवलं. त्या रागावल्या नाहीत, हेच वाईट. एवढंच म्हणाल्या, "बरं माय. नाही लावत." पण असलेल्या शेवया काढायला तयार होईनात. ओल्या काढल्या तर गोळा होतो म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

मग मी दात-ओठ खात तशीच मीटर जोडून बसले. सुई सांगत होती, तार लांब झालीय. म्हटलं, झाली असेल सैल, एवढ्या उन्हात आहे. शिडीने टाकीच्या स्टँडवर चढले, तिकडचं टोक कापलं. उतरले, बांबूकडचं तेवढंच कापलं. दोन्ही बाजू सारख्या लागतात. पुन्हा वर, पुन्हा खाली. शेवयांच्या आडून माझं हे चढणं-उतरणं बायका बघत होत्या, आणि मी त्यांच्याकडे बघत नव्हते. दिवस कलताना सुई अगदी तळाला जाऊन टेकली. एकदम बरोबर. कापलेले तुकडे तिथेच टाकून मी खाली आले.

रागात माणूस मोजतो बरोबर, विचार मात्र करत नाही. पोरांना मी दरवर्षी शिकवते की तारेवर ओलं काही चढलं की ती आहे त्याहून लांब असल्यासारखी वागते. मी माझी तार शेवयांसकट जुळवली होती. आणि शेवया रात्रीत वाळणार होत्या.

रविवारी पहाटे उठले तर हात थरथरत होते. थरथरत्या हाताने मोर्स पाठवणं म्हणजे काकांना त्रास. पळून आले की माझा हात शांत होतो हा अनुभव होता. वेळ भरपूर होता. म्हणून निघाले. आमचे हे मोटरसायकल घेऊन उमरखेडला एका लग्नाला गेलेले. फोन मी पळताना नेत नाही, कारण तो वाजतो.

जाताना सगळं छान झालं. परतताना रेल्वेचं फाटक पडलेलं. कोळशाची मालगाडी आली, आणि फाटकावरच थांबली. आमच्याकडे मालगाडी फाटकावर थांबली की लोक गाड्या बंद करून उतरतात, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला घेतात. तो घोटून, खाऊन होतो तरी गाडी हलत नाही. मी या बाजूला जागच्या जागी उड्या मारत होते. एक जण म्हणाला, "मॅडम, जरा बसा नं, तिले घाई नाही." मला रडू यायचं बाकी होतं. काका तिकडे खुर्ची ओढून बसत असतील, आणि मी इथे डबे बघतेय! गाडी एकदाची हलली, फाटक उठायच्या आधी मी खालून वाकून निघाले, जोरात पळाले, आणि शंभर पावलांवर गिट्टीत पाय मुरगळला.

टेकवता येईना. उरलेली वाट लंगडत गेले तर आठ तिथेच वाजणार होते. मी हात वर केला.

पहिली मोटरसायकल आली. त्याने हात हलवला. "चालू द्या मॅडम!"

दुसरी आली. मी दोन्ही हात हलवले. मागच्या माणसानेही दोन्ही हात हलवले. "वा मॅडम! लय भारी!"

तिसऱ्या गाडीवर नवरा-बायको होते. मी "थांबा!" म्हणून ओरडले. बाई वळून म्हणाली, "आम्ही कायले थांबवतो तुमाले! पया तुमी!" आणि नवऱ्याला काहीतरी सांगत निघून गेली, बहुतेक माझं कौतुक.

त्या गावावर, त्या रस्त्यावर, त्या हात हलवणाऱ्या भल्या माणसांवर मी इतकी चिडले होते की पायाचं दुखणं विसरले. एक अख्खा उन्हाळा यांनी मला बसवायचा प्रयत्न केला. आज मी बसायला तयार आहे तर एकही माणूस ऐकत नाही! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शेवटी मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. लांबून भाजीचा ऑटो येत होता. तेच काका. त्यांनी हॉर्न वाजवला, मी हलले नाही. मग थांबले, पण सीटवरून उतरले नाहीत.

"काका, बसवा मला."

"नाई बाप्पा," ते म्हणाले. "तुमीच तं मले झापलं होतं."

"चुकलं माझं. पाय मोडलाय. घरी पोचायचंय, लवकर."

"पोचायचं हाय?" त्यांनी खात्री करून घेतली. "तुमाले तं कुठी पोचाचं नसते नं?"

"आज आहे!" मी किंचाळले, आणि पोत्यावर चढून बसले. वांग्याच्या देठाचे काटे टोचत होते. त्यानंतर काकांनी ऑटो असा हाणला की अर्धी वांगी मीच धरून ठेवली होती.

घरी पोचले, कठड्याला धरून जिना चढले. गच्चीवर कालच्याच बायका, उरलेल्या पिठाच्या शेवया करायला बसलेल्या. कालच्या शेवया वाळून डब्यात गेलेल्या. आणि आजच्या ओल्या कुठे होत्या? खराट्याच्या दांड्यावर, उलट्या खुर्चीच्या पायांवर, उघडून ठेवलेल्या छत्रीच्या काड्यांवर. माझी तार मोकळी, पुसून ठेवलेली. आईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

हेडफोन चढवला. रत्नागिरीचे काका होते. सुरेख, सावकाश हात, माझंच कॉलसाईन, म्हणजे परवान्यावरचं माझं हवेतलं नाव, परत परत. ते मला बोलावत होते.

मी मोर्सची की दाबली, उत्तर दिलं. ते थांबले, मला वाटलं ऐकलं. मग पुन्हा माझंच कॉलसाईन. त्यांना ऐकू गेलं नव्हतं. मी पुन्हा हाक मारली. पुन्हा तेच. मग त्यांनी पाठवलं, "आहेस का?"

माणूस समोर उभा आहे आणि आपला आवाज फुटत नाही, असं स्वप्नात होतं. मला ते भर सकाळी झालं. मीटरकडे पाहिलं तर सुई वर, अगदी वर. सगळी शक्ती परत माझ्याच अंगावर येत होती. कालच तर तळाला होती! मी खिडकीतून बाहेर तारेकडे पाहिलं, मग छत्रीवर लोंबणाऱ्या शेवयांकडे पाहिलं, आणि एकदम सगळं लक्षात आलं. आखूड पडलेली तार जोडून वाढवायची तर एक टोक टाकीवर. शिडी चढायला पाय नाही. कालचे तुकडेही झाडलोट करून घंटागाडीत गेलेले.

मी लंगडत बाहेर आले.

"आई, शेवया तारेवर टाका."

मशीनचा दांडा थांबला. बायका आधी माझ्याकडे, मग आईंकडे बघू लागल्या.

"काल तं नको म्हणे," आई म्हणाल्या.

"काल नको होत्या. आज पाहिजेत."

"मी तुह्या तारेले हात लावणार नाही. शब्द देल्ला म्या."

"आई, काका बोलावतायत. मला ऐकू येतं, त्यांना माझं जात नाही. नऊ वाजता त्यांचा खांब उतरवतील. मग कधीच नाही." मी एका पायावर उभी होते. "मी काल चुकीचं बोलले. सगळ्यांसमोर बोलले. आता सगळ्यांसमोरच मागते. टाका ना."

आई पदर खोचून उठल्या. "उठा वो बायाहो," त्या म्हणाल्या. "छत्रीवरच्याही काढा. ओल्या हायेत तवर काढा."

मी टेबलाशी जाऊन बसले. खिडकीतून दिसत होतं, चार बायका आणि आई, हात वर करून तारेवर शेवया चढवतायत, हातभर अंतर सोडून, दोन्ही बाजूंना सारख्या. सारख्या असाव्यात हे मीच ओरडून सांगत होते, आणि आई उलट ओरडत होत्या, "समजते आमाले!" मीटरची सुई सरकली. आणखी चढवल्या, आणखी सरकली. शेवटची मूठ बांबूजवळ पडली आणि सुई तळाला टेकली. कालच्यासारखी.

मी हाक मारली.

यावेळी ते लगेच आले. "ऐकतोय," त्यांनी पाठवलं. "बारीक आहे, पण ऐकतोय. सूर हलतोय." मग, "हातानं केलेला?"

"हो," मी पाठवलं.

"पास."

डोळे भरून आले होते आणि हातावर वांग्याचे काटे बोचल्याच्या खुणा होत्या. काका मात्र जुन्या शिस्तीचे. शेवटचं असलं म्हणून रीत सोडणार नाहीत. आमच्याकडे रीत आहे, भेट झाली की एकमेकांचा सेट, एरिअल आणि हवामान विचारायचं. त्यांनी विचारलं, एरिअल कोणता?

खोटं सांगता आलं असतं. पण पास करणाऱ्याशी पहिलंच खोटं कसं बोलायचं? मी अक्षर अक्षर करून पाठवलं: तार. वर शेवया.

"पुन्हा पाठव."

पुन्हा पाठवलं. सासूबाईंच्या ओल्या शेवया. त्या काढल्या की बंद पडतो.

तिकडून काहीच आलं नाही. मला वाटलं गेले, माणसं लवकर आली असतील. मग आलं. चार टिंबं, दोन टिंबं. पुन्हा चार, पुन्हा दोन. मोर्समध्ये हसायचं असलं की हे पाठवतात. काकांना आजवर इतक्या वर्षांत हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. ते शिक्षक होते. आता ते थांबेचनात. चार, दोन, चार, दोन, हात मोकळा सुटलेला, जहाजावर पोरसवदा असताना पाठवत असतील तसा.

दारात आई येऊन उभ्या राहिल्या होत्या, हात पिठाने भरलेले. "काय म्हणून राह्यले थे?"

"हसतायत."

"कायले?"

"तुमच्या शेवयांवर."

हेडफोनमधला सूर मध्येच तुटला होता, काका अर्ध्या हसण्यावर थांबले होते. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, नऊ वाजले होते, आणि हेडफोन कानाशी घट्ट दाबून धरला. नुसती खरखर. मी त्यांचं कॉलसाईन पाठवलं. खरखर. पुन्हा पाठवलं.

"अजून पीठ हाय," आई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका हळू होता. "अजून टाकू का वो? अजून जरा बोलता येईन तुमा दोघायले."

तिकडे आता कुणी नव्हतं हे मला कळत होतं.

"टाका," मी म्हटलं.